एकविसावा दाणा

मी पिशवी बोलतेय. दुकानातली नाही, घरी शिवलेली. माझा पहिला जन्म डांगरीचा, म्हणजे कारखान्यात घालतात त्या निळ्या जाड पोशाखाचा. ज्योतीराम नावाच्या फिटरच्या अंगावर मी चाकणच्या एका कंपनीत अकरा वर्षं शिफ्ट केल्या. ऑइलचे डाग झेलले, ठिणग्यांनी भोकं पडली, तीही सोसली.

ज्योतीराम रिटायर झाले त्याच आठवड्यात त्यांच्या बायकोनं, रुक्मिणीबाईंनी, माझे पाय कापले, तळ शिवला, बंद लावले आणि आतल्या अंगाला एक चोरखिसा बसवला. मी तक्रार केली नाही. तीन शिफ्टपेक्षा कोथिंबीर वाहणं सोपं.

हे लोक मूळचे लातूरकडचे, घर दापोडीत, रेल्वेरुळांजवळच्या गल्लीत. रुक्मिणीबाई वीस वर्षं भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये रबराचे वायसर, म्हणजे वॉशर, तपासायच्या. ट्रेमधला एकेक वायसर बोटावर फिरवायचा, चिरलेला बाजूला काढायचा, मग चिठ्ठीवर सही. शेजारच्या टेबलावर सख्खी जाऊ बसायची, पण तिनं भरलेला ट्रेसुद्धा बाई तशाच सोडत नसत. “बघितल्याबिगर सही न्हाई,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यावरून जावेनं दोन वर्षं अबोला धरला होता.

त्यांची एकुलती एक लेक तनुजा. सगळी गल्ली इंजिनीअर व्हायला धावत असताना या पोरीनं पक्षी शिकायला घेतले. लोक हसले. आता ती एका छोट्या जहाजावर नोकरीला आहे. दूर दक्षिणेच्या समुद्रात ज्वालामुखीतून वर आलेली ओसाड बेटं आहेत, तिथं ते जहाज शंभरेक प्रवाशांना पेंग्विन आणि सील दाखवायला नेतं. नोकरी हंगामापुरती. काम आवडलं तर पुढच्या हंगामाला बोलावतात.

गेल्या वर्षी जहाजानं तिला घरचं एक माणूस सोबत आणायची परवानगी दिली. ज्योतीराम म्हणाले, “माझे गुडघे जहाजाच्या शिडीचे राह्यले न्हाईत. तूच जा. माझी डांगरी हाय की तुझ्यासंगं.”

अशी मी निघाले. निघायच्या आदल्या दिवशी रुक्मिणीबाईंनी डब्यातले गहू ताटात घेऊन निवडले आणि त्यातले एकवीस टपोरे दाणे मोजून कागदाच्या पुडीत बांधले. सोबत हळकुंड, सुपारी, खणाचा तुकडा. पुडी गेली माझ्या चोरखिशात. त्यांच्या माहेरी नवी नदी ओलांडायची तर आधी तिची ओटी भरतात. इथं तर समुद्र होता, आणि त्यावर लेक वर्षातले सहा महिने फिरत होती. ओंजळभर गहू परदेशात कुठं न्यायचे, म्हणून त्यांनी एकवीस दाण्यांवर भागवलं.

चार दिवस जहाज हललं आणि बाईंनी नुसत्या लिंबाच्या लोणच्यावर दिवस काढले. पाचव्या दिवशी बेट दिसलं. काळाकभिन्न खडक, झाड नाही, झुडूप नाही. “अगं, ही तर आपल्याकडचीच दगडं!” बाई म्हणाल्या. तनुजा म्हणाली, “आपला सह्याद्रीही लाव्हाचाच आहे, आई.” तेवढ्यावर बाईंचं त्या बेटाशी नातं जुळलं.

उतरण्याआधी तपासणी होती. शेजारच्या बेटावर कधीकाळी एका जहाजातून उंदीर उतरले, त्यांनी अंडी खाल्ली, पिल्लं खाल्ली, आणि आता तिथं एकही पक्षी घर करत नाही. तेव्हापासून नियम कडक. बुटांचे तळ ब्रशनं घासायचे, खिसे उलटे करायचे, शिवणीतली कुसळं चिमट्यानं काढायची. बाहेरचं बी नको, किडा नको, मातीही नको. टेबलावर त्या दिवशी तनुजा होती. प्रत्येकाचं सामान बघून ती कागदावर सही करत होती.

बाईंची पाळी आली.

“आई, पिशवीत काय आहे?”

“काय असणार बाई? चष्मा, रुमाल, लोणच्याची बाटली.”

“बाटली ठेव इथं. बाकी काही नाही ना?”

“न्हाई गं.”

बाई खोटं बोलल्या असं मला वाटत नाही. ओटी म्हणजे त्यांच्या लेखी सामान नव्हतंच. आणि त्यांच्या मागं तीस माणसांची रांग होती. सगळ्यांदेखत स्वतःच्या आईची पिशवी झटकायची म्हणजे तनुजाला कसंसंच झालं असावं. तिनं माझ्यात हातही घातला नाही. सही केली.

किनाऱ्यावर पेंग्विनांची ही गर्दी, शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या गेटवर होते तशी. बाई जरा बाजूला गेल्या. एका सपाट खडकावर खण अंथरला, हळकुंड-सुपारी ठेवली, पुडी सोडली आणि हात जोडले. “माझी लेक तुझ्या अंगाखांद्यावर फिरती. सांभाळ गं माय तिला.” पुडीतले दाणे खणावर पडले आणि वाऱ्याच्या पुढच्याच झोतासरशी खडकांच्या भेगांत उडाले.

तनुजानं मागं वळून बघितलं. ती तशीच आईकडे पळाली.

“आई, हे काय केलंस! माझी नोकरी जाईल गं.”

मोहिमेची प्रमुख एक परदेशी बाई होती. ती धावत येईपर्यंत रुक्मिणीबाईंनी लेकीचा हात घट्ट धरला. “तिला सांग, म्हातारीनं लपवून आणलं. तुझं नाव घिऊ नगंस.”

तनुजा प्रमुखबाईंशी इंग्रजीत काहीतरी बोलली. थोडकंच बोलली.

“काय सांगितलंस?”

“पिशवी मी न बघता सोडली, हे सांगितलं.”

“मंग बराबर सांगितलंस,” बाई म्हणाल्या, आणि दाणे वेचायला गुडघ्यांवर बसल्या.

प्रवाशांना जहाजावर परत पाठवलं. आठ माणसं शोधत होती, पण दाणे सापडत होते ते बाईंनाच. वायसर तपासलेली बोटं ती. खडकाच्या भेगेत नख घालून त्या एकेक गहू वर काढत होत्या. दोन तास गेले, बोटं सोलवटली. एक पेंग्विन शेजारी येऊन सुपरवायझरसारखा उभा राहिला होता. शेवटी रुमालावर वीस दाणे झाले. विसावर गाडी अडली.

प्रमुखबाई म्हणाल्या, दाणा मिळाला नाही तर तनुजाला पुढच्या बंदरावरून घरी जावं लागेल, कायमचं. बेट सगळ्यांसाठी बंद ठेवावं लागेल. तनुजानं आईला ते मराठीत सांगितलं, एकही शब्द मऊ न करता.

मला मात्र ठाऊक होतं. पुडी कोपऱ्यावर फाटली होती आणि एकविसावा दाणा माझ्याच तळाच्या दुहेरी शिवणीत जाऊन बसला होता. पिशवीला तोंड असतं, पण जीभ नसते. त्या संध्याकाळइतकी मी कधी तळमळले नाही.

जहाजावर आल्यावर बाई बराच वेळ मला मांडीवर घेऊन बसल्या. मग रिकाम्या पुडीचा फाटका कोपरा त्यांना दिसला आणि एकदम म्हणाल्या, “तनू, कात्री आण.” आधी चोरखिसा उसवला. काही नाही. मग बंद. मग तळ. त्यांनी स्वतः घातलेला एकेक टाका त्या तोडत गेल्या, आणि मला त्याचं काडीचंही दुःख झालं नाही. शेवटच्या दुमडीतून दाणा टेबलावर पडला. टक्क आवाज झाला. तनुजा रडायला लागली.

बाईंनी तिला जवळ घेतलं नाही. “चूक माझी,” त्या म्हणाल्या. “पण सही तुझी.” मग मात्र त्यांचेही डोळे भरून आले.

नोकरी राहिली, पण राहिलेल्या फेरीत तनुजाला बेटावर पाय ठेवायला मनाई झाली. ती टेबलावर बसून लोकांचे बूट घासत राहिली. बाईंना कोणी बोलावलं तरी त्याही उतरल्या नाहीत. लेकीशेजारी चिमटा घेऊन बसल्या, आणि लोकांच्या मोज्यांतून अशी अशी कुसळं काढली की प्रमुखबाई दोनदा चष्मा लावून बघायला आल्या.

आता मी दापोडीत खुंटीवर आहे. पुन्हा शिवलेली, एकेरी शिवणीची, चोरखिसा नसलेली. तनुजाला यंदा बोलावणं आलं आहे, पण पक्षी दाखवायला नाही, तपासणीच्या टेबलावर. उद्या सकाळी ती निघेल आणि मीही तिच्यासोबत जाईन. चिमटे आणि ब्रश ठेवायला तिला मीच हवी आहे.

तुमच्याकडे एवढंच मागणं: परक्याची पिशवी तुम्ही बघताच, कधीतरी आपल्या माणसाचीही बघा. आम्हाला त्याचा राग येत नाही.

आज दुपारी लेकीचं सामान भरून झाल्यावर रुक्मिणीबाईंनी मला खुंटीवरून काढलं, तिच्यासमोर उलटी केली आणि दोनदा झटकली. तनुजा हसून म्हणाली, “आई, राहू दे गं. तुझ्यावर विश्वास आहे माझा.”

बाईंनी मला तशीच उलटी तिच्या हातात दिली.

“आधी बघ,” त्या म्हणाल्या.

आणि तनुजानं माझ्या शिवणीवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोट फिरवलं.