निळ्या दारावर क्लिक

झटका येऊन गेल्याला सात महिने झाले, तरी विल्मारला एका जागी चैन नव्हती. उजवा हात लुळा पडला होता, पाय जेमतेम उंबऱ्यापर्यंत साथ द्यायचे, आणि वाचा गेली ती गेलीच. 'नाही' आणि 'बरं' एवढे दोनच शब्द उरले होते; डाव्या हातानं लिहायला गेला तर अक्षरं जुळत नव्हती. दुपारचं जेवण झालं की तो उठायचा, दाराशी जायचा, परत यायचा, टेबलावर मूठ आपटायचा आणि पुन्हा दाराशी. त्याला काहीतरी सांगायचं होतं, ते कुणाला उमगत नव्हतं.

बहीण एल्बिआ म्हणाली, वहिनीच्या कबरीवर जायचं असेल. त्याला नेलं. मुलगी ओंदिनाला वाटलं, धक्क्यावर जायचं असेल. पायसांदूच्या बंदरात त्यानं तीस वर्षं लाँचची इंजिनं दुरुस्त केली होती. तिथंही नेलं. नदीकडे बघून तो 'नाही' म्हणाला आणि घरी येताच परत मूठ आपटू लागला. डॉक्टर म्हणाले, अशा दुखण्यात अस्वस्थपणा यायचाच. ओंदिना शाळेत चित्रकला शिकवायची. वर्गात उभी असतानासुद्धा तिला तो मुठीचा आवाज ऐकू यायचा.

एका रविवारी, निदान तासभर तरी बसेल म्हणून, तिनं लॅपटॉपवर एक जुना गेम लावला. ती लहान असताना दोघं असलेच गेम खेळायचे. कुणाकडून तरी उतरवून आणलेल्या फ्लॉपी, सगळं इंग्रजीत, आणि बापाच्या मांडीवर शब्दकोश. ठिपक्याठिपक्यांचं चित्र असायचं. दिव्यावर क्लिक केलं की दिवा उचलायचा, माणसावर क्लिक केलं की त्याच्याशी बोलायचं. घाई कसलीच नाही. कोडं सुटेपर्यंत गोष्ट तुमच्यासाठी थांबून राहायची. विल्मार एकेका कोड्याला चार-चार दिवस झुंजायचा, पण उत्तर कुणाला विचारायचा नाही.

आता तेच गेम त्यांच्या भाषेत, स्पॅनिशमध्ये मिळत होते. डाव्या हातानं माउस ढकलत तो एका पहारेकऱ्यापर्यंत पोचला. पहारेकऱ्यानं हटकलं, आणि पडद्यावर उत्तराची चार वाक्यं आली. विल्मारनं ती सावकाश वाचली, त्यातलं सगळ्यात उर्मट निवडलं आणि घशातल्या घशात हसला. ओंदिना बघतच राहिली. सात महिन्यांत तिच्या बापानं पहिल्यांदा कुणाला तरी उत्तर दिलं होतं.

मग तीच झपाटली. शाळेतून आली की जेवणाचं भान न ठेवता चित्रं काढायची. आठ दिवसांत तिनं तसल्याच एका गेममध्ये त्यांची गल्ली उभी केली: घर, बेकरी, कोपऱ्यावरचं निळ्या दाराचं घर, पलीकडे नदी. घरात एक ठेंगणा विल्मार, आणि त्याच्यासाठी वाक्यं: मला दुखतंय. मला बाहेर जायचंय. मला एकटं राहायचंय. मला तुझ्या आईची आठवण येते.

विल्मारनं वाचलं, "नाही" म्हणाला आणि माउस ढकलून दिला. तिला रडू आलं. पण थोड्या वेळानं त्यानंच माउस जवळ ओढला, ठेंगण्या विल्मारला गल्लीत नेलं आणि निळ्या दारावर क्लिक केलं. काही झालं नाही. पुन्हा केलं. पुन्हा.

"पापा, तिथं काही नाहीये. जागा भरायला काढलंय मी ते."

तो क्लिक करतच राहिला.

"ते अमिल्कारचं घर," मागून एल्बिआ हळूच म्हणाली.

अकरा वर्षांत ते नाव या घरात कुणी घेतलं नव्हतं. अमिल्कार लाँचवरचा त्याचा जोडीदार. एकदा उतारूंनी भरलेली लाँच भर नदीत बंद पडली. इंजिनाचा एक नट ढिला राहिला होता. साहेबासमोर विल्मारनं अमिल्कारकडे बोट दाखवलं, आणि अमिल्कारची नोकरी गेली.

ओंदिनानं तिथंच बसून दार उघडेल असं केलं आणि सुचतील ती चार वाक्यं लिहिली. विल्मारनं शेवटचं, तिनं भीतभीतच लिहिलेलं, निवडलं: नट मी ढिला ठेवला होता. मग तो उठून उभाच राहिला.

त्याला चाकांच्या खुर्चीत बसवून, लॅपटॉप मांडीवर ठेवून ती कोपऱ्यावर घेऊन गेली. अमिल्कारनं दार उघडलं. पडद्याकडे बघून तो आत गेला आणि चष्मा घेऊन आला. वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे मला त्याच दिवशी माहीत होतं," तो म्हणाला. "तू कधी सांगतोस, एवढंच बघत होतो, गाढवा." मग ओंदिनाकडे वळला. "आणि माझी वाक्यं कुठायत, पोरी? मी काय निवडायचं?"

त्याची वाक्यं तिनं लिहिलीच नव्हती. "तुम्हाला तोंड आहे ना," ती म्हणाली.

"आहे. पण आज नको. आज मी काहीबाही बोलून बसेन." त्यानं विल्मारच्या लुळ्या हाताकडे पाहिलं. "मंगळवारी घेऊन ये त्याला. चार शिव्या नीट आठवून ठेवतो."

"बरं," विल्मार म्हणाला.

मंगळवार उजाडेपर्यंत त्यानं घर डोक्यावर घेतलं.