वारलूचं पाऊल

“अजून जवळ घे, खुर्शीदभाऊ. इतकी लंबी टांग कोनाची आहे?” कुबडीवर रेललेला वारलू म्हणाला.

खुर्शीद मिस्त्रीने कपाळाला हात लावला. तीस वर्षं तो राजुऱ्यात फरशा बसवत होता आणि बागेच्या वाटेवर दोन फरशांमधलं अंतर स्वतःच्या पावलानेच ठरवत होता. इथे ते चालणार नव्हतं. कोळशाच्या ट्रकखाली वारलूचा डावा पाय गेला होता. घरामागच्या वाडीतल्या काळ्या मातीत कुबडी रुतायची, म्हणून तिथे जायलाही त्याला बायकोचा, सुगंधाबाईचा खांदा लागे. त्याला एकट्याने वाडीत जायचं होतं, बस. बाकी त्याचं काही मागणं नव्हतं.

खुर्शीदने लावलेल्या फरशा उखडल्या. वारलू एकेक पाऊल टाकी, खुर्शीद तिथे चुन्याची चिमूट टाकी आणि त्या खुणेवर फरशी बसवी. मग वाटेच्या दोन्ही अंगांना, वाफ्यांच्या कडेने त्याने बांबूच्या ताट्या उभ्या केल्या. धरून चालायला आणि वालाचे वेल चढवायला. हौसेने अगदी जमिनीपर्यंत दाट विणल्या.

दिवाळीपर्यंत वेल असे माजले की पलीकडचं दिसेना. वारलू रोज सकाळी एकटाच जाई, शेंगा तोडी आणि मोठा जमीनदार असल्यासारखा परत येई.

डिसेंबरातल्या एका सकाळी तो परत आला नाही. ताटीआड बिबट दबा धरून बसला होता.

“इतकं दाट काऊन विनलं? जनावराले लपाले जागा झाली,” पंचनाम्याला आलेला वनरक्षक म्हणाला. खुर्शीदकडे कोणी बोट दाखवलं नाही.

तेरवी झाल्यावर तो कोयता घेऊन आला.

“मीच विनलं होतं, बाई. मीच काढून देतो.”

“काढा,” सुगंधाबाई म्हणाली. “त्याले एकट्यानं जायाची हौस होती. तुमचा काय दोष?”

दोष आपलाच, हे खुर्शीदला पक्कं ठाऊक होतं. वेल फुलावर होते. त्याने खाली मान घालून सगळे कापले. दुपारपर्यंत वाडी उघडी पडली, नुसती वाट राहिली.

“ह्या फरशा बी दूर दूर लावून देतो. तुमाले चालाले अडचन होईन.”

“राहू द्या.”

कापलेल्या वेलांच्या शेंगा पदरात घेऊन ती उठली. दोन्ही पाय धड असलेली ती बाई वारलूच्या आखूड पावलांनी, एकेका फरशीवर थांबत घराकडे निघाली. खुर्शीदने कोयता काखेत घेतला आणि तोही तसाच तिच्यामागून चालू लागला.