कार्डावरची कुंभारीण

पोस्टकार्डावरच्या फोटोत मी कुंचला धरून मडकं रंगवते आहे, आणि मडकं आधीच भाजलेलं आहे. बाहेरून आलेल्या फोटोवाल्यानं तसंच बसवलं होतं. रंग चढतो तो कच्च्या मडक्यावर. पठारावरच्या आमच्या वाल्पी गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. त्यातून ते मडकं हुमीसी मावशीचं. मी तोवर मातीला हातही लावला नव्हता. कार्ड गावात पोचलं आणि पाणवठ्यावर माझं नवं बारसं झालं: ‘कार्डावरची कुंभारीण’.

“हसतील त्यांचे दात दिसतील,” असं म्हणायचे खरी, पण आतून नुसती जळत होते. सगळा हिवाळा मावशीपुढं बसून मातीच्या वळ्या एकावर एक रचल्या. सोळा मडकी मोडली. सतरावं मावशीनं बोटांनी चाचपलं.

“ठेव माझ्या मडक्यांशेजारी आव्यात,” ती म्हणाली. “धड निघालं तर कुंभारीण म्हणेन. फुटलं तर बस जन्मभर कार्डावर!”

वसंतातल्या एका सकाळी, वारा उठायच्या आत, आम्ही आवा लावला. मडक्यांवर खापऱ्या, भोवती मेंढ्यांच्या वाळक्या लेंड्या. आवा पेटला की आमच्यात मोठ्यानं बोलत नाहीत. आवाज मडक्यात शिरतो आणि बाहेर पडताना ते फोडतो.

नेमका तेव्हाच फोटोवाला पायवाट चढून आला. “पोलीमाना! ए पोलीमाना!” आमच्या बोलीची मोडतोड करत तो ओरडला. “कुंचला आण!”

मी ओठांवर बोट ठेवलं. त्याला वाटलं, मला ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा तोंड उघडलं, तशी मी टोपलीतली पिकीची गुंडाळी उचलली आणि त्याच्या तोंडात कोंबली. ती आमची मक्याची पापडासारखी कोरडी भाकरी. बसला बिचारा चावत. मावशीचे खांदे हसून गदगदत होते, पण तोंडातून हूं की चूं नाही.

दुपारी राख निवली. मावशीचाच मोठा रांजण तडकला होता. माझं मडकं तिनं राखेतून उचललं, फुंकलं. मधाच्या रंगाचं निघालं होतं. तिनं टिचकी मारली, तर खणखणीत वाजलं.

शेजारणी वाकवाकून बघत होत्या. “हे कुणाचं गं, हुमीसी?”

“कुंभारणीचं,” मावशी म्हणाली. “ही काय, समोर उभी आहे.”

आता बोलायची मुभा होती. मी पठाराच्या कडेशी धावले आणि इतक्या जोरात ओरडले की खाली शेतात मका पेरणारे पुरुष टोकणीच्या काठ्या टाकून वर बघायला लागले.

“माझं मडकं वाजलं रे!”