दोनशे बाराव्या पानावरचे खरे

मित्रांनो, या कपाटात सर्वांत जाड पुस्तक दिसते ना, ते मी. एक जुने माहितीपत्रक. एखादी कंपनी लोकांना आपले शेअर विकायला काढते, तेव्हा तिला आपली खरी हकीकत छापून द्यावी लागते. माझ्यात एका काचकारखान्याची हकीकत आहे. दुपारी उन्हाची तिरीप आली की माझी पाने ऊबदार होतात, डोळा लागतो आणि गेलेले दिवस पाण्याखालून दिसावेत तसे दिसू लागतात.

छापखान्यात मला पहिल्यांदा अक्षर न् अक्षर वाचले ते मुद्रितशोधक बाईंनी. माझ्या मुखपृष्ठावर निळी काच चमकत होती. पण आत, दोनशे बाराव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत एक वाक्य होते: कारखान्याच्या जागेचा दावा न्यायालयात चालू आहे, निकाल विरुद्ध गेल्यास कारखाना बंद पडू शकतो. बाईंचे बोट तिथे बराच वेळ थांबले.

मी बाजारात आल्यावर त्या मला घेऊन थोरल्या भावाकडे गेल्या. तो शिंपी. दुकान विकून येणारे सगळे पैसे तो याच शेअरमध्ये घालणार होता. बाईंनी ते पान वाचायची गळ घातली. त्याने मला दूर धरले, जवळ धरले आणि हसून मिटले.

"अगं, एवढं महत्त्वाचं असतं तर मोठ्या अक्षरात नसतं का छापलं?"

मला ओरडून सांगावेसे वाटले. पण कागदाला कुठला आवाज?

दोन वर्षांनी निकाल लागला आणि कारखान्याला टाळे लागले. भाऊ दुसऱ्याच्या दुकानात काजे-बटणे करू लागला. बहिणीला त्याने दोष दिला नाही. तो फक्त तिच्याशी बोलेनासा झाला.

पुढे शेअरविक्रीचे नियम बदलावेत का, यावर सरकारी कार्यालयाने लोकांची मते मागवली. बाई मला पिशवीत घालून सुनावणीला गेल्या. भावालाही त्यांनी ओढूनच नेले. मुख्य अधिकाऱ्यांपुढे मला उघडून त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचायची विनंती केली. साहेब वाकले, त्यांनी चष्मा बदलला आणि चौथ्याच शब्दाला ते अडखळले.

"पण बाई, यात खोटं काहीच लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

"नाहीच साहेब. खरंच लिहिलंय. फक्त कुणाच्या नजरेस पडू नये अशा बेतानं."

सुनावणी संपली. बाहेरच्या जिन्यावर भाऊ थांबला आणि इतक्या दिवसांनी बोलला, "चूक तुझी नव्हती गं. मी पान मिटायला नको होतं."

वर्षभराने नियम बदलला. धोके आता पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत, घरातल्या भाषेत छापावे लागतात. भावाचे पैसे काही परत आले नाहीत. मला मात्र याच कार्यालयात जागा मिळाली. नवा अधिकारी रुजू झाला की ते पान त्याला वाचायला देतात.

मित्रांनो, आपल्या माणसाला धोक्याची गोष्ट सांगायची असेल, तर ती आधी सांगा आणि त्याला कळेल अशी सांगा. खरे बोलून मोकळे होणे सोपे असते. मी तेच केले होते, आणि एका शिंप्याचे दुकान गेले.