बाहुल्याच्या जागेवर

हब्साच्या आवारात कोणीही सामान भाड्यानं न्यायला आलं, की कागद काढण्याआधी ती एकच गोष्ट विचारायची.

"तिथं उभं कोण राहणार?"

मग त्या माणसाला रस्त्यावर मांडायचे शंभर नारिंगी कोन हवे असोत, पाण्यानं भरायचे लाल-पांढरे अडथळे हवे असोत, नाहीतर चाकांवरचा चमकत्या बाणाचा फलक हवा असो. नवखे ठेकेदार बुचकळ्यात पडत. सामान तुझं, माणसं आमची, तुला कशाला चौकशी? पण डोंगरपायथ्याच्या तापाह गावाकडचे जुने लोक निमूट नाव सांगत. त्यांना माहीत होतं, की ही बाई स्वतः चौदा वर्षं रस्त्यावर पाटी घेऊन उभी राहिलेली आहे. दांड्याला गोल पाटी, एका बाजूला लाल 'थांबा', दुसऱ्या बाजूला हिरवं 'जा'. गुडघे गेले तेव्हा तिनं पाटी ठेवली आणि टायरच्या दुकानामागची जागा घेऊन जुने कोन भाड्यानं द्यायला सुरुवात केली. पुढं फलक आले, दिवे आले, एक छोटी लॉरी आली.

दोन वर्षांपूर्वी तिनं चार बाहुले घेतले. माणसाएवढा प्लास्टिकचा पुतळा, डोक्यावर हेल्मेट, अंगात नारिंगी जाकीट, खांद्यात मोटर. उजवा हात दिवसभर झेंडा वरखाली करायचा. पायाशी पेटीत बॅटरी, पाठीवर उन्हावर बॅटरी भरणारं छोटं सोलर पॅनेल. मोठ्या रस्त्यांवर, जिथं गाड्यांना लांबूनच सावध करायचं असतं, तिथं ते चांगलं काम देत.

याप आला तो मंगळवारी, केळ्याच्या गरम भज्यांची पिशवी घेऊन. चाळिशीचा, हसतमुख, डोंगरावरच्या दरडी बांधून काढण्याची कामं करणारा. हब्साचा निम्म्याहून जास्त माल त्याच्याकडेच असे. तो भजी घेऊन आला म्हणजे काहीतरी मागायला आला, हे ती ओळखून होती.

"मकचिक, दोन बाहुले पाहिजेत." मोठ्या बाईला म्हणतात तसं तो तिला मकचिक म्हणायचा. "रिंगलेटच्या रस्त्यावर दरड बांधतोय ना, तिथं."

"त्या वळणांवर? तिथं बाहुला काय करणार? तिथं गाड्या थांबवाव्या लागतात."

"थांबवायला माणूस आहे. हे आधीच्या वळणावर. लोक जरा सावध होतील." त्यानं कोपऱ्यातल्या बाहुल्याच्या खांद्यावर हात टाकला. "याला जेवण नको, लघवीला जायला नको, रविवारची सुट्टी नको. माझ्या बायकोला दाखवला तर म्हणेल, असा नवरा का नाही केला."

"दाखवू नकोस. याला घरात घेईल आणि तुला दाराबाहेर उभं करेल."

याप खदखदून हसला. हब्सानं कागद ओढला.

"तिथं उभं कोण राहणार?"

"मुनियांडी आहेच की."

मुनियांडीचं नाव ऐकून ती निर्धास्त झाली. ती आणि तो एकाच टोळीत नऊ वर्षं होते, ती रस्त्याच्या या टोकाला, तो त्या टोकाला. आधी रबराच्या मळ्यात होता. मळा मोडला, तेव्हा रस्त्यावर आला. त्याच्याइतका सावध माणूस तिनं पाहिला नव्हता. तिनं बाहुले लॉरीत चढवून दिले. जाता जाता याप म्हणाला, "रिंगलेटच्या पुढं सहा महिन्यांचं मोठं काम येतंय मकचिक. सगळा माल तुझाच."

डोंगराच्या त्या अंगाला झाडी दाट, आणि दुपार कलली की धुकं उतरतं. सोलर पॅनेल तिथं काय चालणार? आठवडाभरात बॅटरी बदलावी लागेल, फोन करा, असं तिनं बजावून सांगितलं होतं. बारा दिवस झाले तरी फोन आला नाही. तेराव्या दिवशी सकाळी तिनं दोन भरलेल्या बॅटऱ्या लॉरीत टाकल्या आणि स्वतःच निघाली.

रस्ता तिच्या पायाखालचा. बांबूच्या टपऱ्या मागं पडल्या, पेताईच्या शेंगांच्या जुड्या टांगलेल्या शेवटच्या टपरीपासून चढ सुरू झाला. कामाच्या अलीकडच्या वळणावर बाहुला दिसला. झेंडा वर, झेंडा खाली. बॅटरी दणकट निघाली म्हणायची, असा विचार तिच्या मनात आला. समोरून भाजीचा ट्रक उतरत होता, म्हणून तिनं लॉरी जरा कडेला दाबली आणि पुढं गेली. वेग काही कमी केला नाही.

वर कामावर पोचली. यंत्र दरडीची माती उपसत होतं आणि फिरताना त्याचा दांडा थेट रस्त्यावर येत होता. त्यावेळी गाड्या थांबवायला कोणी नव्हतं. चालक फक्त जोरात भोंगा वाजवत होता. हब्सा त्याच्यावर ओरडायला खिडकीतून वाकली, आणि तिचं लक्ष वाळूच्या पोत्यांकडे गेलं. पोत्यांवर बाहुला उताणा पडला होता, हात अर्धा उचललेला.

दुसरा बाहुला वरच्या उघड्या वळणावर, उन्हात होता. इथूनच त्याचा झेंडा हलताना दिसत होता.

मग खाली कोण होतं?

ती लॉरी तिथंच सोडून उतरली. गुडघ्यांची पर्वा न करता उतारावरून चालत, अर्धी पळतच, खालच्या वळणावर आली. नारिंगी जाकीट, हेल्मेट, तोंडावर धुळीसाठी बांधलेलं फडकं. झेंडा वर, झेंडा खाली. तिला बघून झेंडा थांबला. फडकं खाली आलं.

"अक्का, आज तुझ्या आरशानं माझी टोपी उडवली असती," मुनियांडी म्हणाला.

हब्सानं त्याला हेल्मेटपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "हाक मारायचीस रे."

"मारली. हातही केला. तू माझ्याकडे बघितलंस की! सरळ माझ्याकडे बघितलंस."

ती कडेच्या दगडावर बसली. चौदा वर्षं रस्त्यावर उभी राहून न बघणाऱ्या ड्रायव्हरांना तिनं शिव्या घातल्या होत्या. घरी जेवताना घातल्या होत्या, नमाजाच्या आधी घालून तोबाही केली होती. आज त्यातलीच एक ती झाली होती.

"किती दिवस झाले?"

"चार. बॅटरी बसली तेव्हा बॉस म्हणाला, मी फोन करतो, नवी येईपर्यंत तू झेंडा हलव. माझ्या जोडीदाराला त्यानं आधीच घरी पाठवलं होतं. नंतर फोन करायचं राहून गेलं. काम तर चालतंयच ना!" तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. "पहिल्या दिवशी मी नेहमीसारखा उभा होतो. कोणी बघेना. आठ दिवस इथं बाहुला बघून सगळ्यांना सवय झालेली. रोज वर जाणारी शाळेची बस, भाजीवाले, सगळे ओळखीचे. एकानंसुद्धा ब्रेकवर पाय ठेवला नाही. दोनदा गटारात उडी मारली, अक्का."

"आणि तू चार दिवस गप्प राहिलास?"

"कोणाला सांगू? झाडाला?"

तेवढ्यात एक गाडी वर आली. मुनियांडीनं झेंडा जोरात हलवला, पुढं पाऊल टाकलं. गाडी सूं करून गेली. आतली बाई फोनवर हसत होती.

हब्सा उठली. "बाहुले घेऊन जाते. दोन्ही. आत्ता."

"नको," मुनियांडी पटकन म्हणाला. "त्याला काही बोलू नकोस. तू बाहुले नेलेस की तो चिडणार, म्हणणार म्हाताऱ्यालाही घेऊन जा. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला दुसरं कोण रस्त्यावर उभं करतंय? घरी बसून भिंत बघू का? बॅटरी आणलीयस ना, ती लाव. मी वर जातो पाटी घेऊन. झालं."

"आणि पुन्हा बॅटरी बसली, की पुन्हा तू इथं."

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हा बघायला तू असशील का, तंबी?"

लहान भावाला म्हणतात तसं तंबी. एरवी या हाकेला तो चेष्टेत उत्तर द्यायचा. आज तो झेंड्याची काठी नखानं खरवडत राहिला. हब्साला त्याचं म्हणणं खोटं वाटलं नाही. याप दुखावला तर मुनियांडीची जागा जाणार आणि तिचं निम्मं आवार रिकामं होणार. पण हे बाहुले तिनंच दिले होते. उभं कोण राहणार, हे विचारून दिले होते. यापनं नाव खरंच सांगितलं होतं. ती नाव ऐकून थांबली होती.

याप दुपारी आला. दोन्ही बाहुले लॉरीत चढलेले बघून तो गाडीतून उतरता उतरताच म्हणाला, "काय मकचिक, माझी माणसं पळवतेस?"

"माझीच होती. ही बघ बसलेली बॅटरी. तुझा माणूस चार दिवस बाहुल्याच्या जागेवर उभा आहे."

"अगं, तात्पुरता. आणि झालं काय? एक ओरखडा तरी आला का? लोक सावकाश जातात."

"मी नाही गेले."

"तू म्हातारी झालीस."

"बरं. मग तू तरुण आहेस, ओळखीचा आहेस, सगळा रस्ता तुला नमस्कार करतो. अर्धा तास तिथं उभा राहा. सावकाश गेले, तर बाहुले होते तिथंच परत लावून जाते आणि माफीही मागते."

याप पैजेला नाही म्हणणाऱ्यांतला नव्हता. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. "आण रे जाकीट."

मुनियांडी चाचरला. "घामाचा वास आहे, बॉस."

"आण म्हणतो ना! माझा बाप टिनच्या खाणीत होता. वासानं मरत नाही मी."

जाकीट त्याला पोटावर घट्ट झालं. हेल्मेट, तोंडाला फडकं, हातात झेंडा. हब्सा आणि मुनियांडी वरच्या बाजूला कठड्यामागं थांबले. पहिली गाडी गेली. दुसरी गेली. याप आधी मजेत झेंडा नाचवत होता, कंबर हलवत होता. पाचव्या गाडीनंतर कंबर थांबली. दोन मोटारसायकली इतक्या जवळून गेल्या, की तो मागं सरला. त्यानं ओरडून काहीतरी म्हटलं. त्यांनी मान वळवली नाही.

मग खडीचा ट्रक आला. यापचाच ट्रक, दारावर त्याचंच नाव. स्टिअरिंगवर हाशिम, सहा वर्षं यापच्या पगारावर असलेला. याप खूश झाला. त्यानं झेंडा खाली टाकून दोन्ही हात वर केले.

"हाशिम! ए हाशिम!"

ट्रकनं वळण घेतलं. मागचं चाक कडेच्या खडीवरून गेलं, धुरळा उडाला, आणि याप गटारात जाऊन बसला. ट्रक वर निघून गेला.

मुनियांडी धावला. हब्साही गेली. यापला लागलं नव्हतं. गुडघ्यापर्यंत चिखल, चेहरा पांढराफटक. तो बराच वेळ ट्रक गेला त्या दिशेला बघत होता.

"माझ्याकडे बघितलं त्यानं," याप म्हणाला. "नजरेला नजर भिडली."

मुनियांडीनं हात पुढं केला आणि त्याला ओढून वर काढलं. यापनं जाकीट उतरवलं, पण मुनियांडीच्या हातात देईना, नुसतंच धरून उभा राहिला.

"मुनियांडी, उद्या तुझ्या त्या जोडीदाराला बोलाव. एक खाली, एक वर. पाटी घेऊन. यंत्र फिरताना एकही गाडी पुढं सोडायची नाही." मग हब्साकडे न बघता म्हणाला, "बाहुले ने."

"आणि रिंगलेटच्या पुढचं काम?"

"ते बघू. इपोहच्या सामानवाल्यानंही दर दिलाय."

हब्सा समजली. तिच्या देखत गटारात बसलेला माणूस तिच्या दारात भजी घेऊन पुन्हा यायचा नाही. तिला वाईट वाटलं. आवारात रचून ठेवलेले कोन डोळ्यांसमोर आले. पण माणूस बरा होता म्हणून ऐकलं, हेही तिच्या मनात आलं. दुसरा असता तर त्यानं गटारातून उठून आधी हाशिमला काढून टाकलं असतं.

बाहुल्यांना दोरी आवळून ती लॉरीत बसली. उतरताना मुनियांडी तिला आडवा आला. हातात पाटी, लाल बाजू तिच्याकडे. पुढं यंत्राचा दांडा रस्त्यावर येऊ घातला होता, आणि खालून येणाऱ्या गाड्याही त्यानं अडवल्या होत्या.

"अरे, मी आहे," ती खिडकीतून म्हणाली.

"दिसतंय. थांब."

ती थांबली. तिच्यामागं दोन गाड्या लागल्या, कोणीतरी भोंगा दिला. मुनियांडीनं तिकडं एकदा बघितलं आणि भोंगा बंद झाला. हब्सानं इंजिन बंद केलं. नऊ वर्षं एका रस्त्याच्या दोन टोकांना ते उभे होते, मध्ये कायम साठ-सत्तर मीटर अंतर. इतक्या जवळून तिनं त्याला असं कधी निवांत बघितलंच नव्हतं. कपाळावर सकाळच्या विभूतीचा पुसट पट्टा होता. डाव्या भुवईवर जुना व्रण.

"ए तंबी, तो व्रण कसला?"

"ड्यूटीवर आहे मी, अक्का. बोलू नकोस."

"मळ्यात लागला का?"

तो हसला, पण नजर रस्त्यावरून हलवली नाही. पुढं यंत्राचा दांडा मागं गेला. मुनियांडीनं दोन्हीकडे बघून घेतलं, मग पाटी फिरवली.

"बायकोनं झारा मारला होता. चल आता, रांग वाढतेय."