कव्हरवर दोघींचं नाव

हेडफोनच्या एका कानाची गादी फाटली होती, तिच्यावर निळी चिकटपट्टी गुंडाळली होती, आणि ती पट्टी कानाला टोचतेय हे सांगावं की नको या विचारात असतानाच ताराच्या कानात घुमट वाजायला लागलं. किती स्वच्छ! पहिलं आवर्तन तिने कौतुकानेच ऐकलं. नुसतं घुमट आणि समेळ, तिचा आणि सिद्धीचा अख्खा अल्बम... दुसऱ्या आवर्तनाला तिचा डावा हात आपोआप मांडीवर उघडझाप करू लागला, आणि तो कानातल्या आवाजाशी काही केल्या जुळेना.

घुमटाच्या मडक्याला एकीकडे कातडं, दुसरीकडे लहान तोंड. उजव्या हाताने थाप द्यायची, डाव्याने ते तोंड उघडायचं, मिटायचं. ताराचा डावा हात समेवर जरासा उशिराच मिटतो. त्यासाठी बाबांनी लहानपणी बोटांवर फटके दिले, मग एका चवथीला आरती संपल्यावर म्हणाले, राहू दे, तुझं घुमट हुंकार देतं... तो हुंकार इथे नव्हता. इथे आवाज समेवर कापल्यासारखा थांबत होता, आणि थाप सरळ, काठीसारखी. काठ्यांनी वाजतं ते समेळ, आणि समेळ वाजवते सिद्धी. घुमटही येतं तिला — माझ्याच अंगणात शिकली, मीच शिकवलं.

सिद्धी समोरच होती, मोबाइलमध्ये मान घालून. लाटंबार्स्याच्या देवळात दोघी समोरासमोर बसत. समेळवालीने हनुवटी उचलली की घुमटवालीने ठेका उचलायचा, हीच रीत. मांद्र्याच्या या स्टुडिओत मात्र रेकॉर्डिंगच्या दिवशी ताराला काचेच्या खोलीत एकटीला बसवलं होतं. समेळ कानात होतं, पण हनुवटी कुठे होती? ती काचेपलीकडे शोधत राहिली आणि दर वेळी मागे पडत राहिली. शेवटी सिद्धी गोड आवाजात म्हणाली होती, "जमला गो. तू घरा जा, बाकीचा मी बघतंय." केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि मी खुळी, घरी जाऊन देवापुढे नारळ वाढवला!

"सिद्धी," तिने हेडफोन काढले, "ह्यो माझो हात न्हय."

सिद्धीचा अंगठा मोबाइलवर थांबला. मान वर झाली नाही.

"स्टुडिओवाल्यांकडे वेळ नव्हतो गो. तुका वायट वाटात म्हणान सांगूक नाय." मग मोबाइल पालथा ठेवत, "कव्हरवर दोघींचाय नाव आसा मगे."

परत यायचं तेही तिच्याच स्कूटरवर, तिच्याच पाठीमागे. खांद्याला हात लावायचा नाही असं तारा मनाशी घोकत होती, पण गतिरोधक आला की हात जायचाच. रागाने अंग जळत होतं, आणि तोल मात्र त्याच खांद्यावर सावरावा लागत होता.

घरी तिचा नवरा अविनाश सुर्ल्याच्या खाणीवरून नुकताच आला होता. दारातला ट्रक अजून लाल धुळीने माखलेला होता. सिद्धीने त्याला अल्बम आधीच पाठवला होता. तो ओट्यावर डोळे मिटून बसला होता, फोन कानाशी धरून.

"तारा, आंगार काटो इलो गो," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "काय हात तुझो! शंभरांत वळखीन मी."

तिने बोलायला तोंड उघडलं. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी याच ओट्यावर ती वाजवत आली, आणि हा शेजारी बसून मान डोलावत आला... मग इतकी वर्षं हा नक्की काय ऐकत होता?

"परत लाव," ती म्हणाली.

त्याने लावलं. ती आवाज ऐकत नव्हती, त्याचा चेहरा बघत होती. सम आली, आवाज कापल्यासारखा थांबला, आणि नेमका तिथेच अविनाश समाधानाने हसला. सिद्धीवरचा राग तिला आता शोधूनही सापडेना. त्या जागी नुसती भीती होती — की तो हुंकार मी आणि बाबा सोडून कुणाला कधी ऐकूच आला नसेल, आणि बाबा तर आता नाहीत.