तोंड शिवलेली चौकट

मी प्रतिक्रियांची चौकट बोलतेय. शिलाई मशीनचे सुटे भाग विकणाऱ्या एका छोट्या संकेतस्थळाच्या अगदी तळाशी माझं बिऱ्हाड. पांढरं अंग, राखाडी किनार आणि पोटात फिकट अक्षरांतलं आमंत्रण : ‘तुमचं मत इथे लिहा’. माझ्यापासून समाजाला केवढा धोका आहे, हे कायदा येईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं.

मला जन्माला घातलं बाईंनी. त्या पूर्वी शिवणाचे वर्ग घ्यायच्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. घराच्या मागच्या खोलीत पट्टे, बॉबिन आणि सुयांचे डबे रचून त्यांनी हा व्यवसाय थाटला. विकत घेणाऱ्याला शंका येणारच, ती त्याने विचारावी कुठे? म्हणून मी.

माणसं मोठी गमतीची. वर उत्तर लिहिलेलं असतानाच खाली तोच प्रश्न विचारतात. काही जण नुसतं ‘छान’ लिहून जातात. काय छान, ते देव जाणे. एकाने तर माझ्यात भाड्याच्या खोलीची जाहिरात दिली होती. पण धागा का तुटतो, टाका का सुटतो, हे एकमेकांना समजावताना ती अनोळखी माणसं शेजाऱ्यांसारखी बोलायची. बाई चहा पीत सगळं वाचायच्या आणि एकट्याच हसायच्या.

मग दप्तरं शिवणाऱ्या एका काकांनी लिहिलं : ‘ही नवी मोटर घेऊ नका. हात लावला की शॉक बसतो.’ खाली आणखी दोघांनी ‘आम्हालाही बसला’ म्हणून दुजोरा दिला.

नेमका त्याच सुमारास तो थोर कायदा आला. संकेतस्थळावर कुणीही काहीही लिहो, तक्रार आल्यावर ते काढलं नाही तर जबाबदार मालक. म्हणे, बड्या धेंडांना वेसण घालायची होती. धेंडांनी एक अख्खा मजला वकिलांनी भरला आणि ती आपापल्या कामाला लागली. आमच्याकडे मजला नव्हता. भावजी होते.

भावजी म्हणजे बाईंचे धाकटे दीर. भाडेकरूंचे खटले चालवायचे. मोटरवाल्या कंपनीची नोटीस आली, तेव्हा बाईंनी त्यांनाच बोलावलं. त्यांनी ती दोनदा वाचली आणि चष्मा पुसला.

“वहिनी, काढून टाका ते.”

“पण खरं असेल तर?”

“खरं आहे हे सिद्ध कोण करणार? तुम्ही. कुठे? कोर्टात. तोवर दुकान चालवणार कोण?”

“आणि खोटं आहे हे त्यांनी सिद्ध करायचं नाही?”

“त्यांनी फक्त तक्रार करायची. तेवढं पुरतं.”

कायदा किती सुटसुटीत असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

बाईंनी काकांना फोन लावला. “काका, मोटरबद्दल तुम्ही लिहिलंत, ते नक्की ना?”

“बाई, माझी सून मशीनवरून फेकली गेली,” पलीकडून आवाज आला. “मनगट अजून प्लास्टरमध्ये आहे. तुम्हाला अडचण होत असेल तर पुसा. मी काही मनाला लावून घेणार नाही.”

हे ऐकून बाईंचाच चेहरा पडला. फोन ठेवून त्यांनी फळीवरून तीच मोटर काढली, मशीनला जोडली आणि कॅमेरा सुरू केला. मोटरच्या पत्र्याला टेस्टर टेकवला. टेस्टरमधला दिवा लख्ख पेटला. भावजी खुर्ची मागे सरकवून उभेच राहिले.

त्यानंतर बाईंनी काकांची ओळ पुसली. बाकीच्या दोघांचीही पुसली. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी पानाच्या अगदी माथ्यावर स्वतःचं पूर्ण नाव घालून लिहिलं : ‘या मोटरच्या पत्र्यात वीज उतरते. मी स्वतः तपासली आहे. मी ती विकणार नाही.’ खाली चित्रफीत जोडली.

“अहो वहिनी, आता तर थेट तुम्हीच जबाबदार!”

“आधीही मीच होते ना भावजी? मग निदान वाक्य तरी माझं असू दे.”

कंपनीचं उत्तर आलंच नाही. काही महिन्यांनी तीच मोटर नव्या वायरसह बाजारात आली. खोक्यावर छापलं होतं, ‘आता अधिक सुरक्षित’. आधी किती होती, ते छापायला जागा पुरली नसावी.

मी मात्र सुटले नाही. येणारी प्रत्येक ओळ तपासायला बाईंना दोनच डोळे, आणि ते सुईत दोरा ओवण्यात गुंतलेले. ‘पुन्हा नोटीस नको,’ म्हणत भावजींनी हात जोडले. शेवटी बाईंनी माझं ‘पाठवा’ हे बटण बंद केलं. तेव्हा त्या पडद्याकडे बघत नव्हत्या.

आता माझ्यात लिहिता येतं, पण लिहिलेलं कुठेच जात नाही. इतकी कायदेशीर मी आयुष्यात कधी नव्हते.

काल कुणीतरी टाइप केलं : ‘मशीनमधून जळका वास येतोय, मुलगी शेजारीच झोपलीय, काय करू?’ बटण दाबलं. पुन्हा दाबलं. ते वाक्य थोडा वेळ माझ्या पोटात थरथरलं आणि पान मिटलं.

कायद्याच्या दृष्टीने सगळं ठीक आहे. कुणीही कशालाही जबाबदार नाही. पण ते लिहिणारी ती आई तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल, तर माझा एवढा निरोप द्या : आधी प्लग काढ गं.